दहा दिवसांचा तक्ता

हवालदारानं रुक्मीची रिबीन पळवली तेव्हा आम्ही सतराच्या पाढ्यावर होतो.

"सतरा सत्ते?" मी विचारलं.

"एकशे नऊ," बबन म्हणाला.

"पुन्हा एकदा विचार कर."

बबननं वर पाहिलं, ओठातल्या ओठात काही पुटपुटला. "एकशे एकोणीस."

"शाब्बास."

तेवढ्यात पत्र्याच्या वळचणीतून हवालदार सुळकन खाली आला, रुक्मीच्या खांद्यावर बसला, वेणीच्या लाल रिबिनीचं टोक चोचीत धरलं आणि गाठ सोडवून उडाला.

"गुर्जी! माजी रिबन!"

हवालदार म्हणजे आमची साळुंकी. छाती काढून चालायची ढब बघून माझ्या बायकोनं, वत्सलेनं, हे नाव ठेवलं होतं. त्याची जोडीदारीण काशी. आदल्या उन्हाळ्यात पंपघराच्या छपरातलं घरटं खाली पडलं तेव्हा दोघं डोळेही न उघडलेली पिल्लं होती. पोरांनी नाकतोडे धरून आणले, वत्सलेनं बेसनाच्या गोळ्या भरवल्या आणि दोघं जगली. पिंजरा आम्ही कधी आणलाच नाही. खडूचे तुकडे पळवून पाण्याच्या पिंपात टाकायचे, लिहिणाऱ्या पोराच्या पाटीवर येऊन बसायचं, मी खाकरलो की तसंच खाकरून दाखवायचं, असे त्यांचे दिवसभराचे उद्योग.

कुत्री दोन. पेंद्या काळापांढरा, दीड वर्षांचा, अंगात वारं भरल्यासारखा. वसाहतीतल्या निम्म्या चपला त्याच्या दातांखालून गेलेल्या. सोनी वयानं मोठी, रंगानं पिवळी, स्वभावानं गाय. काशी तिच्या पाठीवर उभी राहून गोचिड वेचायची आणि सोनी डोळे मिटून पडून राहायची. पेंद्या तिच्या ताटातलं खायचा, हवालदार तिच्या शेपटीला लोंबकळायचा, पण ती कधी कुणावर गुरगुरली नाही.

ही खडकपिंपरी धरणाच्या वसाहतीतली गोष्ट. चाळीस वर्षं होऊन गेली. पाटबंधारे खात्याची साठ-सत्तर घरं, एक दवाखाना, एक चौथीपर्यंतची शाळा आणि शाळेला मी एकटा शिक्षक. शाळा सुटल्यावर पोरं माझ्या ओसरीवर यायची. शिकवणी म्हणत असू, पण फी नव्हती. पोरं पाढ्यांसाठी येत नव्हती हे मला ठाऊक होतं. ती पेंद्यासाठी आणि हवालदारासाठी यायची. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. पक्षी बघायला आलेलं पोर जाताना एक पाढा घेऊन जाई. छडी मी कधी वापरली नाही आणि 'चूक' हा शब्दही वर्गात उच्चारत नसे. उत्तर चुकलं तर एवढंच म्हणायचं, पुन्हा एकदा विचार कर. पोरं कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या खेपेला बरोबर उत्तरावर यायची. या पद्धतीचा मला अभिमान होता. तपासणीला आलेल्या साहेबांनीही शेरेबुकात चांगलं लिहिलं होतं.

तर रिबीन. हवालदार ती घेऊन आधी खुंटीवर बसला, मग दाराच्या चौकटीवर. पेंद्याला एवढं निमित्त पुरे होतं. त्यानं झेप घेतली, पाण्याची बादली कलंडली, पाट्या भिजल्या. काशी ओरडायला लागली. पोरं जागा सोडून उठली. हवालदार खाली उतरला आणि रिबीन फरफटत भिंतीकडच्या बाजेखाली शिरला. त्याच्या मागं पेंद्या घुसला. पेंद्याच्या मागं रुक्मी.

रुक्मी सात वर्षांची होती. धरणाचे दरवाजे चालवणाऱ्या गणपत तिडक्यांची एकुलती मुलगी. अंगानं बारकी, पण रिबिनीसाठी वाघाच्या गुहेतही शिरली असती. वर्गात तिचा आवाज फारसा ऐकू येत नसे. विचारलं तर सांगायची, आणि सांगताना आधी माझ्या तोंडाकडे बघायची.

बाजेखालून किंकाळी आली. पेंद्या उलट्या पावली बाहेर पडला. मग रुक्मी आली. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली दोन भोकं पडली होती आणि रक्त मनगटाकडे ओघळत होतं.

वत्सला आतून धावत आली. "अगं बाई! कोण चावलं?"

"सोनी," रुक्मी रडत म्हणाली.

पोरं हसली. एवढ्या गोंधळातही हसली.

"सोनी म्हनं!" बबन म्हणाला. "सोनीला तर दात बी नसतील."

मी वाकून बघितलं. सोनी बाजेखाली अगदी भिंतीला चिकटून पडली होती. दोन दिवस ती तिथंच होती. पोटाशी होती, दिवस भरत आले होते, म्हणून वत्सलेनं तिला तिथं पोतं अंथरून दिलं होतं. पेंद्या अंगणात उभा राहून जीभ काढून धापा टाकत होता, आणि खरं सांगायचं तर चोरासारखा दिसत होता.

मी रुक्मीला मांडीवर घेतलं. हात साबणानं धुवायला लागलो. पाणी ओतत ओतत शांतपणे विचारलं, "रुक्मे, नीट आठव. पेंद्या तुझ्या पुढं होता ना?"

"व्हय."

"त्याचं तोंड कुठं होतं?"

"इकडं."

"मग कोण चावलं?"

ती हुंदके देत होती. "सोनी..."

"पुन्हा एकदा विचार कर."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हाताकडे पाहिलं.

"पेंद्या," ती म्हणाली.

"शाब्बास. आता रडायचं नाही."

धरणाखालच्या गावात पावसाळ्यानंतर पिसाळलेल्या कुत्र्यांची बोंब झाली होती. कालव्याच्या पुलाजवळ आमच्या पेंद्या-सोनी दोघांचीही एका उपऱ्या कुत्र्याशी झोंबाझोंबी झाली होती. त्याला दीड-दोन महिने झाले होते. तेव्हा थोडं खरचटलं होतं, आम्ही हळद लावली आणि विसरलो. आता मात्र मला ते आठवलं. म्हणून तिडक्यांना बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं रुक्मीला घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टर बाहेती तरुण होते, नुकतेच रुजू झालेले. त्यांनी जखम पाहिली आणि म्हणाले, "पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात. इथं मिळत नाहीत, जिल्ह्याला जावं लागेल. रोज एक. त्रास फार होतो, मुलगी लहान आहे."

तिडक्यांचा चेहरा उतरला. "चौदा? एवढ्याशा पोटात?"

"दुसरा मार्ग आहे," डॉक्टर म्हणाले. "कुत्रा पाळलेला आहे. त्याला बांधून ठेवा आणि दहा दिवस बघा. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवस जगत नाही. खातंय, पितंय, भुंकतंय, तर काळजी नाही. जरा काही वेगळं दिसलं की त्याच दिवशी निघायचं. पण कुत्रा नक्की हाच ना?"

"हाच," मी म्हणालो.

"लेकराला विचारलं?"

"विचारलं. तिनंच सांगितलं."

डॉक्टरांनी तिडक्यांकडे पाहिलं. तिडके माझ्याकडे बघून म्हणाले, "गुर्जी म्हनतील तसं. त्यांच्यावर आपला भरवसा हाय."

परत येताना ते रुक्मीला कडेवर घेऊन चालत होते. कालव्याला रब्बीच्या पाण्याची पाळी सुरू होती, रात्रंदिवस दरवाज्यावर त्यांची ड्यूटी होती. मला म्हणाले, "मला काय बघाया जमनार न्हाई, गुर्जी. तुमीच बगा. माजी एकच लेक हाय."

"मी स्वतः बघीन," मी म्हणालो. "दिवसातून पाच वेळा."

आणि मी बघितलंही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्याचा पाठच केला. जाड कागदावर तक्ता आखला. वर दहा दिवस, बाजूला सहा ओळी: अन्न, पाणी, भुंकणं, चाल, डोळे, लाळ. ओसरीच्या भिंतीवर चिकटवला. रोज दोन पोरांची पाळी. पेंद्याला आवारातल्या कडुनिंबाला साखळीनं बांधला होता. पोरांनी लांबून बघायचं, वहीत लिहायचं, मग तक्त्यावर बरोबरची खूण करायची. निरीक्षण कसं करावं, आपल्याला वाटतं ते न लिहिता दिसतं तेच कसं लिहावं, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

पेंद्यासारखा विद्यार्थी निरीक्षणाला मिळायचा नाही. बांधल्याचा त्याला इतका राग आला होता की भुंकण्याच्या रकान्यात बबननं पहिल्या दिवशी लिहिलं, 'लई'. दोन भाकरी खायचा आणि तिसरीसाठी साखळी ताणायचा. हवालदार त्याच्या साखळीच्या टप्प्याबाहेर बोटभर अंतरावर येऊन उभा राहायचा आणि माझ्यासारखा खाकरायचा. पेंद्या उसळी मारायचा, साखळी ताणली जायची, हवालदार जागचा हलायचा नाही.

"गुर्जी, हवालदार त्याची परीक्षा घेतोय," नफिसा म्हणाली. जीप ड्रायव्हरची मुलगी ती, तिचं बोलणं असंच.

"चाल या रकान्यात काय लिहायचं?"

"उड्या."

पहिले दोन दिवस भरून झाले. तिसऱ्या दिवशी वत्सला चुलीपाशी बसून म्हणाली, "अहो, सोनी दिसत नाही सकाळपासून."

"व्यायला जागा शोधत असेल. मागच्या खेपेला पुलाखाली गेली होती ना?"

"तेव्हा घास तरी खाऊन गेली होती. आता परवापासून तिनं कशाला तोंड लावलं नाही. पाण्याचं भांडं तसंच्या तसं आहे."

"विणीच्या वेळी असं होतं."

"होतं," वत्सला म्हणाली. पण संध्याकाळी मी पुलापर्यंत जाऊन हाका मारून आलो. सोनी नव्हती.

सहाव्या दिवशी कालव्यावरचा पहारेकरी दारात आला. पोरं यायच्या आधीची वेळ होती. "गुर्जी, तुमची पिवळी कुत्री का? जाळीला अडकून पडलीय. मेलेली हाय. पोटात पिल्लं हाईत."

मी फावडं घेऊन गेलो. त्यानं तिला बाहेर ओढून काठावर ठेवलं होतं. जबडा उघडा होता, जीभ काळीनिळी पडली होती. पाण्यात पडलेलं जनावर असंच दिसणार असं मला वाटलं. बाभळीखाली खड्डा केला. पिल्लं अडली असतील, वेदनेनं पाण्याकडे गेली असेल, असं मी वत्सलेला सांगितलं. ती खूप रडली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. सोनी आमच्या घरात आठ वर्षं होती.

"पोरांना सांगू नका आत्ताच," ती म्हणाली.

मलाही तेच वाटलं. आधीच रुक्मीचं प्रकरण, त्यात पोटाशी असलेली सोनी मेली हे ऐकून पोरं हबकली असती. पोरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सोनी बाळंतपणाला माहेरी गेलीय." पोरं हसली. रुक्मी हसली नाही. तिचा हात भरत आला होता, त्यावर तिच्या आईनं फडकं बांधलं होतं. त्या दिवशी तक्त्याची पाळी तिचीच होती. सहाही ओळींत तिनं खुणा केल्या. सरळ, सारख्या आकाराच्या.

मी रोज संध्याकाळी कालव्याच्या दरवाज्यापर्यंत चालत जाई आणि तिडक्यांना वरूनच ओरडून सांगत असे, "ठणठणीत आहे!"

खालून चाकाच्या कचकचाटातून त्यांचा आवाज यायचा, "तुमच्या तोंडात साखर पडो, गुर्जी!"

दहाव्या दिवशी आम्ही पेंद्याला सोडला. पोरांनी झेंडूचा हार केला होता. तो गळ्यात पडल्यापडल्या हवालदारानं त्यातली फुलं उपटायला सुरुवात केली आणि पेंद्या हारासकट त्याच्या मागं अंगणभर धावला. डॉक्टर बाहेती येऊन गेले, तक्ता पाहून म्हणाले, "गुरुजी, हा मला द्या. दवाखान्यात लावतो." तिडक्यांच्या बायकोनं, सरूबाईनं, लापशी करून पाठवली होती. पानावर वाढून सगळ्यांनी खाल्ली.

खाता खाता रुक्मी माझ्याजवळ सरकली.

"गुर्जी, सोनी कवा येनार?"

"पिल्लं मोठी झाली की."

"तिला लई दुखत व्हतं का?"

"कधी?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "कवा न्हाई," ती म्हणाली. मी तिच्या पानावर अजून थोडी लापशी वाढली.

संक्रांत झाली. तिळगूळ द्यायला सगळी पोरं आली, रुक्मीही आली. दोन दिवसांनी शुद्धलेखन घेत होतो, तर तिची पेन्सिल सारखी खाली पडायची.

"काय झालं ग?"

"हाताला मुंग्या येत्यात."

"गार पडलंय. हात चोळ."

तिनं चोळले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. ताप आहे असं नफिसानं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिडके वर्गाच्या दारात उभे राहिले. डोक्याला पटका नव्हता, पायांत वहाण नव्हती.

"गुर्जी, जरा येता का? लेक पानी पियाना झालीय."

मी पोरांना सोडलं आणि त्यांच्या घरी गेलो. रुक्मी भिंतीला पाठ लावून बसली होती. डोळे लखलखीत. शुद्धीत होती, मला ओळखलं तिनं. सरूबाईनं वाटी तिच्या तोंडाजवळ नेली. वाटी ओठाला लागायच्या आतच तिचा गळा आवळला गेला, मान मागं गेली आणि सगळं अंग झटकलं. तिला तहान लागलेली होती. "पानी दे, आये," म्हणत होती, आणि वाटी दिसली की हात पुढं करून ढकलत होती.

डॉक्टर बाहेती आले. दारातूनच त्यांनी पाहिलं. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती, ती त्यांनी जवळ येऊन तिच्या तोंडासमोर हळूच एकदा हलवली. तेवढ्या वाऱ्यानं ती दचकली आणि पुन्हा तिचा गळा आवळला. डॉक्टर बाहेर गेले आणि खात्याची जीप मागवली.

जिल्ह्याच्या रुग्णालयात तिला कोपऱ्यातल्या एका खोलीत ठेवलं. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. मी, तिडके आणि सरूबाई बाहेर बसलो. मोठे डॉक्टर आले, पन्नाशीचे, थकलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"कुत्रं कुठं आहे?"

"जिवंत आहे. घरी आहे. दहा दिवस बघितलं, त्यालाही आता महिना झाला. ठणठणीत आहे."

"मग त्या कुत्र्यानं हे झालेलं नाही."

"दुसरं कुणी चावलं नाही तिला. मी तिथं होतो."

"घरात दुसरं कुत्रं?"

मी खोलीच्या दाराकडे बघितलं.

"मी विचारतोय, दुसरं कुत्रं होतं का?"

"होतं. कुत्री. पोटाशी होती. विताना मेली."

"कधी?"

"चावल्यानंतर... सहा दिवसांनी सापडली."

"खात-पीत होती शेवटी?"

त्यांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काही दिलं असलं पाहिजे, कारण ते म्हणाले, "तुम्ही आणि तुमची बायको, हात लावला असेल तिला, आजपासून इंजेक्शनं सुरू करा." मग खोलीकडे बघत म्हणाले, "हिला आता आपण काही देऊ शकत नाही. झोपेचं देतो. दोन दिवस, फार तर तीन. आईबापांना मी सांगतो."

ते तिडक्यांकडे गेले. मी खोलीत गेलो. मला जायला नको होतं, पण मी गेलो.

आत अंधार होता. तिचे हात पलंगाला फडक्यानं बांधले होते. औषधाची गुंगी होती, पण डोळे उघडे होते. मला वाटलं ती ओळखणार नाही.

"गुर्जी," ती म्हणाली.

"हां, बाळा."

"पेंद्याच व्हता."

मी पलंगाजवळ वाकलो.

"मी सोनी म्हनले न्हाई कुनाला." तिचे ओठ कोरडे पडून फाटले होते, शब्द अडकत होते. "मी पुना विचार केला. पेंद्याच व्हता. बरोबर हाय न्हवं?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी तिच्या कपाळावर हात ठेवायला गेलो. हाताच्या वाऱ्यानं तिचं अंग झटकलं, तसा मागं घेतला. नर्सनं मला बाहेर काढलं.

बाहेर सरूबाई एकटी होती. नळाच्या कट्ट्यावर बसली होती, नळ गळत होता. ती रडत नव्हती. तिडके कुठंतरी गेले होते. मी तिच्यासमोर उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या बाईशी मी चार वाक्यं बोललो नसेन. मनात आलं, हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. ओसरीवर पोरं होती, पण पोरांच्या ते लक्षात नाही. न बोललो तर कुणालाही कळणार नाही.

"सरूबाई," मी म्हणालो, "रुक्मीनं मला आधी सोनीच सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मीच तिला परत परत विचारून पेंद्याचं नाव घ्यायला लावलं."

तिनं वर पाहिलं नाही. नळाखाली साचलेल्या पाण्याकडे बघत राहिली.

"मला बी सांगितलं," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच दिशी. भाकर खाताना. आये, पेंद्या न्हाई चावला, सोनी चावली म्हनली. मी म्हनले, गुर्जी काय खोटं बोलतेत? तू गुर्जीपक्षा शानी हाईस का? तरी सोनी सोनीच करत बसली. मग मी एक चापट दिली तिला." तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ते सोडलं आणि पुन्हा धरलं. "म्हनले, गुर्जी म्हनतील तेच खरं. पुना असं म्हनू नगं."

आतून कण्हण्याचा आवाज आला आणि थांबला.

"मग परत न्हाई म्हनली," सरूबाई म्हणाली.

मी कट्ट्याला टेकलो.

"मी तिडक्यांना सांगतो," मी म्हणालो. "सगळं सांगतो. माझी चूक आहे."

तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. "नका," ती म्हणाली. "गुर्जी, पाया पडते. यांना सांगू नका."

"त्यांना कळायला पाहिजे."

"तुमचं सांगायला लागलात का माजं बी निघंल. ते इचारतील, तुला काय म्हनली का लेक? मला खोटं बोलाया जमनार न्हाई. एकच लेकरू व्हतं त्यांचं. मला घरात ठिवनार न्हाईत ते. ठिवलं तरी..." लेकरू 'व्हतं' असं ती म्हणाली होती, हे तिच्या लक्षात आलं असावं. तिनं तोंडात पदर कोंबला.

व्हरांड्याच्या टोकाकडून तिडके येत होते. दोन्ही हातांत कप होते आणि चहा सांडू नये म्हणून ते जपून, पावलाकडे बघत चालत होते. तेवढ्या वेळात ते म्हातारे झाले होते. एक कप त्यांनी बायकोपुढं ठेवला, दुसरा माझ्यापुढं धरला.

"घ्या, गुर्जी. सकाळपास्नं तुमच्या पोटात काई न्हाई."

"तुम्ही घ्या."

"मला जात न्हाई." ते कट्ट्याच्या कडेला बसले. "डाक्टरनं सांगितलं मला. ती दुसरी कुत्री असंल म्हनले. बाजेखाली अंधार. कोनाला काय कळनार?"

सरूबाई हलली नाही. तिचा कप तसाच होता. तिचे डोळे माझ्यावर होते.

"तुमी काई कमी केलं न्हाई, गुर्जी," तिडके म्हणाले. "दहा दिस डोळ्यांत तेल घालून बघितलंत. सख्खा भाऊ केला नसता एवढं. पर लेकरूच ते. तिला बी समजलं न्हाई वो, कोन चावलं ते."

ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. कप त्यांनी अजून माझ्यापुढंच धरला होता.

"व्हय न्हवं, गुर्जी?"

"हो," मी म्हणालो, आणि त्यांच्या हातून चहा घेतला.